डॉ. रखमाबाई : खटल्यापलीकडचे आयुष्य

(डॉ. रखमाबाई यांच्या स्मरणार्थ दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



१८८७ सालच्या फेब्रुवारी-मार्चमधील एक आठवडा महाराष्ट्राच्या इतिहासात विलक्षण म्हणावा लागेल. २६ फेब्रुवारीला पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी यांचे निधन झाले. अमेरिकेतून वैद्यकीय पदवी घेऊन परतलेली ही एकवीस वर्षांची तरुणी कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभाग सांभाळणार होती. ते काम हाती घेण्यापूर्वीच काळाने तिला ओढून नेले. सारा महाराष्ट्र हळहळला. आठवडाही उलटला नाही तोच मुंबईच्या उच्च न्यायालयाने बावीस वर्षांच्या दुसऱ्या एका मराठी तरुणीला निकाल ऐकवला. पतीच्या घरी नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा तो निकाल होता. या तरुणीने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली, आणि त्याच महाराष्ट्रातील फार मोठा वर्ग तिच्यावर तुटून पडला.

ही तरुणी म्हणजे रखमाबाई. आनंदीबाईंनी ज्या कामासाठी देह झिजवला, ते काम पुढे पस्तीस वर्षे करून दाखवण्याचे भाग्य ज्यांना लाभले, त्यांत रखमाबाईंचे नाव अग्रभागी आहे. तरीही त्यांचे नाव निघाले की आठवतो तो खटला. चार वर्षांच्या खटल्याने पस्तीस वर्षांची सेवा झाकून टाकली. ती सेवा आणि तो खटला यांचा परस्परांशी काय संबंध होता, हे आज समजून घ्यायचे आहे.

माहेरचे संस्कार

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. त्या अगदी लहान असतानाच वडील जनार्दन पांडुरंग वारले. आई जयंतीबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या. पुढे काही वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. ज्ञातीत तशी रीत होती, म्हणून तो घडू शकला. सखाराम अर्जुन हे नामांकित डॉक्टर आणि औषधी वनस्पतींचे गाढे अभ्यासक. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या संस्थापकांत जे दोनच भारतीय होते, त्यांतील ते एक. घरात ग्रंथ होते, वनस्पतींचे नमुने होते, रुग्णांची ये-जा होती. रखमाबाईंच्या मनात वैद्यकाचे बीज पडले ते याच घरात.

परंतु प्रथेच्या रेट्यापुढे असे घरही टिकले नाही. वयाच्या अकराव्या वर्षी रखमाबाईंचा विवाह दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या मुलाशी लावण्यात आला. विवाहानंतर त्या माहेरीच राहिल्या. घरीच वाचन केले, प्रार्थना समाजाच्या आणि आर्य महिला समाजाच्या सभांना आईबरोबर जाऊ लागल्या. दादाजींचे शिक्षण मात्र अर्धवट राहिले. वर्षे गेली तसे दोघांतील अंतर वाढत गेले. अखेर १८८४ मध्ये दादाजींनी पत्नीला आपल्या घरी पाठवावे यासाठी न्यायालयात दावा लावला.

कायदा कुणाचा आणि कैवार कशाचा?

१८८५ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. त्यांची भूमिका आज बारकाईने पाहण्यासारखी आहे. अशा दाव्याला हिंदू धर्मशास्त्रात आधार नाही. हा उपाय इंग्लंडमधील चर्चच्या न्यायालयांचा असून तो इकडच्या विवाहांना लावण्यात आला आहे. शिवाय दोघांनी एकत्र संसार केलेलाच नाही, तेव्हा ‘पुन्हा’ नांदायला पाठवण्याचा प्रश्न येतो कोठून? अजाण वयात जिचे लग्न लावले गेले, त्या स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध देहाने पतीच्या स्वाधीन करणे त्यांना अमानुष वाटले.

या निकालाने गदारोळ उडाला. परकीय न्यायाधीश आमच्या विवाहसंस्थेला हात घालतो, अशी भावना पसरली. लोकमान्यांच्या वृत्तपत्रांनी पिन्ही यांच्या निकालावर आणि रखमाबाईंच्या भूमिकेवर कठोर टीका केली. लोकमान्यांविषयीचा आदर यत्किंचितही न उणावता हे सांगितले पाहिजे, कारण थोर पुरुषांचा आदर सत्य झाकून होत नसतो. परकीय सत्तेने समाजाच्या अंतर्गत व्यवहारात शिरू नये, हा त्यांचा आग्रह राष्ट्रीय स्वाभिमानातून आलेला होता. परंतु धर्माच्या नावाने ज्याचा कैवार घेतला जात होता, तो उपायच मुळात इंग्रजांनी आणलेला होता. स्वधर्माच्या रक्षणासाठी पुढे सरसावलेला समाज नकळत परक्या चर्चच्या नियमाचे रक्षण करीत होता.

दुसऱ्या बाजूला रखमाबाईंच्या वतीने न्यायालयात उभे राहिलेल्या वकिलांमध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. संस्कृतचे प्रकांड पंडित आणि भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतरकार असलेल्या तेलंगांना हिंदुत्वाचा अभिमान कमी होता, असे कोण म्हणेल? तेव्हा या खटल्यात हिंदू समाज एका बाजूला आणि त्याचे शत्रू दुसऱ्या बाजूला, असे चित्र नव्हतेच. समाज स्वतःशीच वाद घालीत होता. जिवंत समाजाचे ते लक्षण आहे.

अपिलात पिन्ही यांचा निकाल फिरवला गेला आणि फेरसुनावणीत १८८७ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी तो प्रसिद्ध आदेश दिला. राणी व्हिक्टोरियाने पुढे हा विवाह रद्द केला, असे पुष्कळदा लिहिले जाते. प्रत्यक्षात १८८८ मध्ये उभय पक्षांत तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला दावा सोडला आणि तुरुंगाचे संकट टळले. त्या काळी हिंदू विवाहात घटस्फोटाची तरतूद नव्हती. त्यामुळे समाजाच्या दृष्टीने रखमाबाई दादाजींची पत्नीच राहिल्या. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण तिचा एक हृद्य उत्तरार्ध पुढे येतो.

खटला चालू असतानाच रखमाबाईंनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहाविरुद्ध पत्रे लिहिली. खाली सही होती ‘एक हिंदू स्त्री’. स्वतःचे नाव झाकताना त्यांनी निवडलेली ही ओळख पुरेशी बोलकी आहे. आपल्या समाजातून उठून जाण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. त्या काळी काहींनी तो स्वीकारलाही. समाजाने दारे लावली तरी रखमाबाई उंबरठ्याच्या आतच उभ्या राहिल्या.

आजार कुठे होता?

विवाहाच्या वयाचा प्रश्न त्या वेळी शास्त्रार्थाचा मानला जात होता. खरे पाहता तो आरोग्याचाही प्रश्न होता. वाढ पूर्ण न झालेल्या देहावर मातृत्व लादले की काय होते, हे घरोघरी दिसत होते आणि त्याविषयी कोणी बोलत नव्हते. अपुऱ्या वाढलेल्या कटीतून मूल बाहेर येईना, दोन-दोन दिवस कळा चालत, आणि अखेर आई तरी जाई किंवा मूल. वाचलेल्या कित्येकींना मूत्राशयाला इजा होऊन लघवी सतत झिरपण्याचा विकार जडे. अशा स्त्रीला नवऱ्याचे घर तुटे आणि माहेरही तुटे. १८९० मध्ये बंगालमधील फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची बालिका पतीच्या संबंधातून झालेल्या इजेने मरण पावली, तेव्हा देश हादरला. त्यातून १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला. त्यानेही वय वाढले ते दहावरून केवळ बारावर.

प्रसूतीची व्यवस्था तर त्याहून भयंकर होती. घरातली सर्वांत अंधारी, कोंदट खोली बाळंतिणीची. खिडकी बंद, दाराला पडदा, आत शेगडीचा धूर. विटाळ मानल्यामुळे अंथरायला जुनेर, फाटकी गोधडी. नाळ कापायला हाताला येईल ते विळी-चाकू. सुईण अनुभवी असे, मायाळूही असे, आणि हजारो लेकरे तिच्याच हातांनी सुखरूप जगात आली. परंतु तेच हात न धुता ती एका बाळंतिणीकडून दुसरीकडे गेली, तर तिच्याबरोबर सूतिकाज्वर जाई. पुरुष डॉक्टरला बोलवायचे नाही आणि स्त्री डॉक्टर नाही. या दोन ‘नाही’मध्ये असंख्य स्त्रिया संपल्या.

येथे रखमाबाईंच्या आयुष्याचे दोन भाग एकत्र येतात. न्यायालयात त्यांनी एकच गोष्ट म्हटली होती : या देहाविषयीचा निर्णय मला विचारून व्हावा. रुग्णालयात पुढची पस्तीस वर्षे त्यांनी हेच प्रत्येक स्त्रीला मिळवून दिले. दुखणे सांगण्याची मुभा, तपासून घेण्याचा धीर आणि जगण्याची संधी.

लंडनहून सूरतेला

मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख डॉ. एडिथ पीची यांनी रखमाबाईंना वैद्यकीय शिक्षणासाठी प्रोत्साहन दिले. एडिंबरा विद्यापीठात स्त्रियांना वैद्यक शिकू द्यावे यासाठी १८६९ मध्ये झगडलेल्या सात जणींपैकी त्या एक होत्या. इंग्लंडमध्येही स्त्रीला डॉक्टर होण्यासाठी लढावे लागले होते, हे आपण विसरू नये. स्त्रीची उपेक्षा हा केवळ आपल्याच समाजाचा दोष, असा न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही. तो दोष दूर करण्याचे दायित्व मात्र आपलेच.

देशी-परदेशी स्नेह्यांनी निधी उभा केला. इंदूरच्या शिवाजीराव होळकर महाराजांनी पाचशे रुपये दिले. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला गेल्या आणि स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. १८९४ मध्ये शिक्षण पूर्ण करून त्या मायदेशी परतल्या. वय तीस. जगाने त्यांची कहाणी वृत्तपत्रांतून वाचलेली होती. व्याख्याने देत, सत्कार घेत विलायतेत राहणे अशक्य नव्हते. त्यांनी सूरत निवडली.

सूरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयाची धुरा त्यांनी १८९५ मध्ये हाती घेतली. तेथील पहिला अनुभव सुखद नव्हता. रुग्णालयात गेलेली बाई परत येत नाही, अशी लोकांची समजूत. प्रसूतीसाठी तर कोणी पाऊल टाकायला तयार नाही. याविषयी एक हकिगत सांगितली जाते. रखमाबाईंनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणली आणि तिची सुटका सुखरूप केली. शेळी आणि पिल्ले धडधाकट बाहेर आलेली पाहिल्यावर बायकांची भीती मोडली म्हणे. या हकिगतीत रखमाबाईंची रीत दिसते. ज्या समाजाने त्यांच्यावर अविश्वास दाखवला, त्याला त्यांनी अडाणी म्हणून हिणवले नाही. त्याच्या भीतीचे मूळ शोधले आणि त्याला समजेल अशा भाषेत उत्तर दिले.

ती वर्षे साधी नव्हती. १८९६ पासून प्लेगने मुंबई इलाख्यात थैमान घातले. १८९९-१९०० च्या दुष्काळाने, ज्याला गुजरातेत आजही ‘छप्पनियो’ म्हणून ओळखतात, गावेच्या गावे ओस पडली. उपाशी गर्भवती आणि दूध आटलेल्या माता यांच्या त्या काळात रखमाबाई सूरतेत काम करीत होत्या. १९१७ पर्यंत सुमारे बावीस वर्षे त्या तेथे राहिल्या. पुढे सरकारी स्त्री-वैद्यकीय सेवेतील पद चालून आले असता ते नाकारून त्यांनी राजकोटचे जनाना रुग्णालय पत्करले. तेथे रेडक्रॉसच्या कार्याचीही उभारणी केली आणि १९२९ च्या सुमारास त्या निवृत्त झाल्या. त्याच वर्षी त्यांनी पडदा पद्धती बंद व्हावी, असे आवाहन करणारी पुस्तिका लिहिली. आयुष्यभर पडद्याआडच्या स्त्रियांना तपासलेल्या डॉक्टरचे ते मत होते. ऊन नाही, मोकळी हवा नाही, म्हणून हाडे ठिसूळ होतात आणि क्षय बळावतो, हे त्या काळातील वैद्यक सांगू लागले होते.

पांढरी साडी

१९०४ मध्ये दादाजी वारले. तोवर त्यांचा आणि रखमाबाईंचा काही संबंध उरलेला नव्हता. ज्या विवाहाला त्यांनी भर न्यायालयात नाकारले, तो सोळा वर्षांपूर्वीच कागदावर मिटला होता. तरीही दादाजींच्या निधनानंतर रखमाबाई विधवेची पांढरी साडी नेसू लागल्या. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही.

याचा अर्थ काय लावायचा? कोणी याला माघार म्हणेल, कोणी समाजाचा दबाव म्हणेल. परंतु तुरुंगाला न भ्यालेली स्त्री चाळिसाव्या वर्षी लोकनिंदेला भ्याली असेल, हे पटत नाही. एक शक्यता अशी दिसते की त्यांचा लढा सक्तीशी होता, संस्कारांशी नव्हता. कोणी बळजबरीने लादलेले पत्नीपण त्यांनी झुगारले. स्वतःच्या इच्छेने स्वीकारलेली रीत त्यांना जड वाटली नाही. त्याच पांढऱ्या साडीत त्या प्रसूतिगृहात वावरत. शुभप्रसंगी जिला दूर ठेवावे असे रूढी सांगे, तिच्याच हातांनी सूरत-राजकोटच्या घरांत वंशाचे दिवे लागत होते. त्या रूढीला याहून मोठे उत्तर कोणते असू शकेल?

१९५५

२५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, मुंबईत रखमाबाईंचे निधन झाले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. १८८७ मध्ये राणीला उद्देशून लिहिलेल्या पत्रात रखमाबाईंनी मागणी केली होती की मुलाचे वय वीस आणि मुलीचे पंधरा होण्यापूर्वी झालेला विवाह न्यायालयाने ग्राह्य धरू नये. १९५५ च्या कायद्याने वधूचे किमान वय ठरवले ते नेमके पंधरा. पुढे १९७८ मध्ये ते अठरा झाले. घटस्फोटाची तरतूदही त्याच कायद्याने केली. अडुसष्ट वर्षांपूर्वी जिला स्वैर म्हणून हिणवले, तिचे म्हणणे स्वतंत्र भारताच्या संसदेने, म्हणजेच आपण आपल्या हाताने, कायद्यात लिहिले. परकीयांनी लादलेली सुधारणा नको, हा लोकमान्यांचा आग्रह आणि सुधारणा हवीच, हा रखमाबाईंचा आग्रह, असे दोन्ही त्या वर्षी एकाच कायद्यात पूर्ण झाले.

एक विसंगती मात्र राहून गेली. त्याच कायद्याच्या नवव्या कलमात नांदायला येण्याचा हुकूम मागण्याची तरतूद कायम राहिली. तिच्यासाठी तुरुंगात टाकण्याची शिक्षा १९२३ मध्येच रद्द झाली होती. इंग्लंडने १९७० मध्ये ही तरतूद आपल्या कायद्यातून काढून टाकली. आपल्या परंपरेत जिचे मूळ नव्हते, ती वस्तू मूळ मालकाने टाकून दिल्यावरही आपण जपून ठेवली. स्वदेशीचा विचार करणाऱ्यांनी यावर विचार करायला हरकत नाही.

आपल्यापुढचे काम

रखमाबाईंच्या काळाशी तुलना केली तर देशाने मोठा पल्ला गाठला आहे. २००४-०६ या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे २५४ मातांचा मृत्यू होत असे. २०१८-२० मध्ये हा आकडा ९७ वर आला. महाराष्ट्रात तो ३३ होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये जेमतेम ३९ टक्के प्रसूती रुग्णालयांत होत. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ८८ टक्क्यांच्या पुढे गेले. जेथे बायकांना बोलावण्यासाठी शेळी आणावी लागली, तेथून येथवरचा हा प्रवास आहे. त्यामागे गावोगावच्या परिचारिका आणि आशा कार्यकर्त्या यांची पायपीट आहे.

परंतु त्याच २०१९-२१ च्या पाहणीत अस्वस्थ करणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. आधीच्या पाहणीत हे प्रमाण ५३ टक्के होते, म्हणजे ते वाढले. आणि महाराष्ट्रात वीस ते चोवीस वर्षांच्या जवळजवळ २२ टक्के स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षापूर्वी झालेला होता. शाहू-फुले-आंबेडकर-कर्व्यांच्या महाराष्ट्रात, पाचांतील एकीहून अधिक. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या कितीतरी स्त्रियांची गर्भाशये ऐन तारुण्यात काढली गेल्याचे उघड झाले. मजुरी बुडू नये म्हणून शरीराचा अवयव द्यावा लागणे, ही एकविसाव्या शतकातील गोष्ट आहे.

आपण मातृशक्तीचा जयजयकार करतो. नवरात्रात कुमारिकांचे पाय धुतो. ते करावेच. पण ज्या घरात कुमारिकेचे पाय धुतले जातात, त्याच घरात तिच्या ताटात शेवटी उरलेले पडत असेल, तर ती पूजा देवीपर्यंत पोहोचत नाही. शाखेत, समितीत, वस्तीवरच्या सेवाप्रकल्पात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना येथे करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. आपल्या वस्तीतील किती मुलींची रक्ततपासणी झाली आहे, हे विचारता येते. शाळा सोडलेल्या मुलीच्या घरी जाऊन लग्नाची घाई थांबवता येते. आणि सर्वांत आधी, आपल्याच घरातील आई, पत्नी, बहीण, सून यांना ‘तुला काय होते आहे?’ असे विचारून उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐकता येते.

हे अखेरचे काम सर्वांत सोपे दिसते आणि तेच सर्वांत कमी होते. रखमाबाईंना ते बावीसाव्या वर्षी कोणी विचारले नाही. त्यांनी मात्र पुढे पस्तीस वर्षे, खाटेजवळ बसून, प्रत्येकीला विचारले.